हलायचे कोणी? कुलाब्याची ट्राम, मावळची वीज आणि लॅपटॉपचा चार्जर (धागा)

१/ मध्यमलहरींवर ७९२ किलोहर्ट्झ ही पुणे आकाशवाणीची जुनी ओळख. मावळातल्या उर्से गावी संध्याकाळी जुना रेडिओ या ठिकाणी लावावा आणि शेजारच्या प्लगमध्ये लॅपटॉपचा एखादा स्वस्त चार्जर घालावा. निवेदकाच्या आवाजावर बारीक, चिवट घरघर चढते. चार्जर काढला की ती जाते. ही घरघर किरकोळ वाटते, पण तिचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्या इतिहासात एक वेधशाळा समुद्रापार गेली व एका लोहमार्गाची आखणी बदलली.

२/ आधी यंत्र समजून घेऊ. घरातली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी. लॅपटॉपला हवी १९-२० व्होल्टची एकदिश वीज. पूर्वी हे काम लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर करीत असे. आजचा चार्जर वेगळ्या रीतीने चालतो. तो आधी विजेला सुमारे ३२५ व्होल्टची एकदिश करतो आणि मग तिचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडतो. वेग जितका जास्त, तितका ट्रान्सफॉर्मर लहान. म्हणून पूर्वी विटेएवढे असणारे यंत्र आज खिशात मावते.

३/ त्या हलकेपणाची किंमत मात्र मोजावी लागते. विजेचा प्रवाह झटक्याने तोडला आणि झटक्याने जोडला की मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, दसपट वारंवारतांच्या लहरीही निर्माण होतात. अनेक चार्जर सेकंदाला सुमारे ६५ हजार वेळा ही उघडझाप करतात. ती ६६ हजारांवर असेल, तर तिची बारावी पट बरोबर ७९२ किलोहर्ट्झ होते. म्हणजे चार्जर स्वतःच एक चिमुकले, बिनपरवाना प्रसारण केंद्र ठरतो, आणि भिंतीतल्या तारा त्याची ॲन्टेना.

४/ एकाची वीज दुसऱ्याच्या कामात गोंगाट होऊन शिरते, तेव्हा दोघांपैकी कोणी बाजूला व्हायचे? महाराष्ट्रात हा प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे उभा राहिला तो मुंबईत, रेडिओ घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

५/ कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे सुरू झाली. धाग्याला टांगलेल्या चुंबकाचे अतिसूक्ष्म हेलकावे टिपायचे, ते दिवसरात्र, वर्षानुवर्षे. १८५९च्या सप्टेंबरात सूर्यावरच्या महास्फोटानंतर पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. त्या वादळाची जगातली अतिशय मोलाची नोंद कुलाब्याच्या वहीत आहे. सुमारे १६०० नॅनोटेस्लांची ती घसरण आजही अभ्यासक आधाराला घेतात.

६/ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईने ठरवले की घोड्यांची ट्राम विजेवर चालवायची. शहराच्या दृष्टीने ही प्रगती. वेधशाळेच्या दृष्टीने हे मरण होते. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते आणि ती रुळांतून परत जाते. रूळ जमिनीवरच असल्याने त्या प्रवाहाचा काही भाग जमिनीत झिरपतो. प्रवाह आला की चुंबकीय क्षेत्र आले, आणि दर गाडीगणिक ते बदलणार. सूर्याचे वादळ टिपणारा चुंबक मग ट्रामचे वेळापत्रकच टिपत बसला असता.

७/ वेधशाळेचे प्रमुख तेव्हा नानाभाई फ्रामजी मूस, या पदावरचे पहिले भारतीय संचालक. ट्राम अडवण्याचा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता. त्यांनी चुंबकीय उपकरणांसाठी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले. लोखंडाचा अंशही नसावा अशा काळजीने तेथील वास्तू उभी राहिली. मूस यांचा खरा मोठेपणा पुढच्या पावलात दिसतो. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली. त्यामुळे जुन्या आकड्यांची नव्याशी सांगड बसली आणि साखळी तुटली नाही. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. तोवर चुंबक सुखरूप होते.

८/ पहिल्या फेरीचा निकाल असा लागला: शहर जागेवर राहिले, विज्ञान हलले. तो निकाल वाईट होता असे म्हणता येत नाही. अलिबागची नोंद आजतागायत चालू आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले होते, की हलायला कुठेतरी शांत अलिबाग नेहमीच शिल्लक असेल.

९/ आता मावळ. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळत होता. टाटांच्या योजनेत लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी साठवले गेले. ते सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आले आणि १९१५ मध्ये तेथून मुंबईला वीज गेली. मग आंध्रा नदीवरचे ठोकरवाडी धरण व १९२२ मधील भिवपुरीचे वीजगृह. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नावाशी जोडला गेलेला सत्याग्रह झाला. तरीही १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. पाणी मावळ-मुळशीचे, उजेड मुंबईचा. गावांच्या वाट्याला आधी तारांचे मनोरे आले, दिवे पुष्कळ उशिरा.

१०/ याच पट्ट्यातून लोहमार्ग जात होता. खंडाळा–पुणे रेल्वे १८५८ची आणि तिच्या कडेने तारायंत्राची तार. १९२९ मध्ये कल्याण–पुणे मार्ग १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर आला. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली. तारायंत्राच्या जुन्या पद्धतीत एकच तार असे आणि परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. विजेच्या रेल्वेचा परतीचा प्रवाहही रूळ आणि जमीन यांतूनच जातो. एकाच वाटेने दोघे चालू लागले की दुबळ्याच्या कानात बलवानाची घरघर घुमते. जगभर जेथे जेथे रेल्वे विजेवर गेली, तेथे तेथे तार-टेलिफोन खात्यांना या दुखण्याचा सामना करावा लागला.

११/ त्यावरचा उपाय साधा आणि सुंदर होता. जमिनीवर विसंबणे सोडायचे, जाण्याची आणि येण्याची अशा दोन तारा घ्यायच्या आणि त्या एकमेकींभोवती वेणीसारख्या पिळायच्या. बाहेरचा गोंगाट मग दोन्ही तारांत जवळपास सारखाच शिरतो, आणि दुसऱ्या टोकाला दोघींतला फरक घेतला की तो वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आजची टेलिफोनची आणि संगणकजाळ्याची तांब्याची केबल याच पिळावर उभी आहे. उर्से गाव आज टोलनाक्यामुळे ओळखले जात असले, तरी तेथे फिनोलेक्सचा केबल कारखानाही आहे. गोंगाट करणारी वीज आणि तिला पोटात घेणारी तार, दोन्हींचा वारसा असा मावळात शेजारी शेजारी नांदतो.

१२/ हवेतला गोंगाट मात्र पिळून जात नाही. गंमत अशी की रेडिओचा जन्मच गोंगाटातून झाला. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस ठिणगी पाडून लहरी निर्माण केल्या. पहिल्या पिढीची प्रक्षेपण यंत्रे ठिणगीचीच होती आणि एकेक ठिणगी रुंद पट्टाभर पसरे. १९२७च्या वॉशिंग्टन परिषदेत त्यांच्यावर बंधने आली. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. ज्या तंत्राने रेडिओ जन्माला आला, तेच आता रेडिओचा उपद्रव ठरले होते. १९३४ मध्ये पॅरिस येथे रेडिओतील व्यत्ययासाठी आंतरराष्ट्रीय समिती बसली. तिचे काम मोजमापाचे: कोणत्या यंत्राने किती गोंगाट केला तर तो खपवून घ्यायचा.

१३/ त्याच सुमारास अमेरिकेत एक तरुण अभियंता गोंगाटाची तक्रार घेऊन शेतात उभा होता. बेल प्रयोगशाळेच्या कार्ल जान्स्की यांना अटलांटिकपारच्या टेलिफोनमधील खरखर कोठून येते ते शोधायचे होते. २०.५ मेगाहर्ट्झवर ऐकताना त्यांना जवळच्या आणि दूरच्या विजांच्या कडकडाटाखेरीज एक मंद, अखंड सळसळ सापडली. ती रोज चार मिनिटे आधी परत येई. सूर्याचा दिवस २४ तासांचा, ताऱ्यांचा २३ तास ५६ मिनिटांचा. म्हणजे ती सळसळ आकाशगंगेची होती. १९३३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. रेडिओ खगोलशास्त्र असे एका तक्रारीच्या तपासातून जन्मले.

१४/ महाराष्ट्रात हे शास्त्र आले कल्याणला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये कल्याणजवळ सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या उभ्या राहिल्या. त्या ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या होत्या. त्यांनी सूर्य ऐकला. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. आणि नंतर त्याहून मोठी दुर्बीण बांधायची ठरली, तेव्हा देशभर जागांचा शोध घेण्यात आला.

१५/ निवड झाली पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदची. कारणे अनेक होती: भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे अंतर, दक्षिण आकाशही दिसेल असे अक्षांश, पुण्याचे उद्योग व शिक्षणसंस्था हाताशी. पण यादीत अग्रभागी होता तो मानवनिर्मित रेडिओ-गोंगाटाचा अभाव. आजूबाजूचे डोंगर शहरांच्या आवाजाला आडोसा देत होते. मूस यांना जे अलिबागला सापडले, ते स्वरूप यांना जुन्नर तालुक्यात सापडले.

१६/ ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या, १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. शेतांच्या आणि वस्त्यांच्या मधून त्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एरवी अशी दुर्बीण वाळवंटात शोधावी. खोडदची दुर्बीण टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या मुलखात आहे, हेच तिचे वेगळेपण आणि हाच तिचा पेच.

१७/ ती किती हळुवार आवाज ऐकते? आकाशातील रेडिओ-तेजाच्या एककाला जान्स्की यांचेच नाव आहे. एक साधा हिशेब करू. चंद्रावर एक वॅट शक्तीचा मोबाइल ठेवला आणि त्याची शक्ती २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात विखुरली असे धरले, तर पृथ्वीवर तो सुमारे २७० जान्स्की इतका तेजस्वी दिसेल. खगोलशास्त्रज्ञ ज्या दीर्घिकांचा मागोवा घेतात, त्यांतील असंख्य दीर्घिका एका जान्स्कीच्या हजाराव्या भागाइतक्याही नसतात. आता तोच मोबाइल चंद्राऐवजी शेजारच्या बांधावर आहे अशी कल्पना करावी.

१८/ मोबाइल मनोऱ्यांचा आवाज निदान ठरावीक पट्ट्यांत असतो. तो पट्टा वगळता येतो. खरा छळ वीजवाहिन्यांचा. सैल पडलेली जोडणी, तडकलेला किंवा धुळीने माखलेला इन्सुलेटर, यांच्यावर सूक्ष्म ठिणग्या उडत राहतात. हर्ट्झ यांनी प्रयोगशाळेत जे मुद्दाम केले, ते खांबावर आपोआप घडते. पन्नास आवर्तनांच्या विजेला दर आवर्तनात दोन शिखरे असतात, म्हणून हा गोंगाट दर दहा मिलिसेकंदांनी उसळतो आणि रुंद पट्टाभर पसरतो. जीएमआरटीच्या अभियंत्यांनी अशा उसळ्या निरीक्षण चालू असतानाच ओळखून गाळणारी यंत्रणा विकसित केली आहे. तरी गाळणे हा दुसरा उपाय. पहिला उपाय खांबावर चढून जोडणी घट्ट करणे हाच.

१९/ आणि मग घरचाच गोंगाट. दुर्बिणीला संगणक लागतात आणि संगणकांना चार्जरसारखेच वीजतुकडे पाडणारे पुरवठे लागतात. म्हणून अशा दुर्बिणींवर इलेक्ट्रॉनिक साधने धातूच्या बंदिस्त खोल्यांत आणि पेट्यांत ठेवावी लागतात. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये दाखवलेल्या पिंजऱ्याचेच हे रूप. तबकड्यांकडून मध्यवर्ती इमारतीकडे संकेत येतात ते प्रकाशतंतूंतून, कारण काचेचा तंतू रेडिओच्या भाषेत मुका आणि बहिरा, दोन्ही असतो. पाहुण्यांनाही मोबाइल बंद ठेवावे लागतात. आकाश ऐकू पाहणाऱ्याला आधी आपल्या घरातला आवाज बंद करावा लागतो.

२०/ चार्जरवर अंकुश कोणी आणला? १९७० च्या दशकात घरगुती संगणक आले आणि शेजाऱ्यांच्या दूरचित्रवाणीवर पट्टे उमटू लागले. १९७९ मध्ये अमेरिकेने संगणकांच्या रेडिओ-गोंगाटासाठी नियम केले. आज तारांतून परत जाणाऱ्या गोंगाटाच्या मर्यादा बहुतेक मानकांत १५० किलोहर्ट्झपासून सुरू होतात. चार्जरची उघडझाप ६५ हजारांच्या आसपास का, याचे एक उत्तर येथे मिळते. ६५ची दुप्पट १३०, म्हणजे दोन सर्वांत बलवान लहरी नियमाच्या उंबरठ्याच्या आत राहतात. यंत्राच्या पोटातला आकडा पॅरिसहून निघालेल्या परंपरेने ठरवलेला आहे.

२१/ उरलेल्या लहरी अडवण्यासाठी चार्जरमध्ये तारेची वेटोळी आणि छोटे कपॅसिटर असलेली गाळणी असते. ती नसली तरी चार्जर चालतो. लॅपटॉप भरतो. म्हणून स्वस्त नकलेत पहिली कात्री तिच्यावरच चालते. ग्राहकाला काही कळत नाही, कळते ते शेजारच्या रेडिओला. भारतात २०१२च्या आदेशाने लॅपटॉपना नोंदणी सक्तीची झाली, त्यांच्या ॲडॅप्टरना ती नंतर लागू झाली. पण त्या आदेशाचा रोख सुरक्षिततेवर आहे. धक्का बसू नये, आग लागू नये. शांतता ही वेगळी मागणी आहे.

२२/ गाळणीला आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे अर्थिंग. तीन पिनांच्या चार्जरमध्ये गोंगाटाला जमिनीकडे जाण्याची वाट असते. घरात अर्थिंग नसेल किंवा तिसरी पिन मोडून टाकली असेल, तर लॅपटॉपचे धातूचे अंग अधांतरी राहते. त्यावर हात फिरवला की मुंग्या येतात, आणि ध्वनिवर्धक जोडला की त्यातून घरघर येते. या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते. जमिनीची वाट १९२९ मध्ये तारायंत्राला जाचक ठरली होती. येथे तिचीच उणीव जाचक ठरते. जमीन तीच, कोणाचा प्रवाह तिच्यातून कोठे जातो, यावर सारे अवलंबून.

२३/ आता अलीकडची फेरी. पुणे–नाशिक मध्यम-द्रुतगती रेल्वेची, सुमारे २३५ किलोमीटरची आखणी चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशी जात होती. ती जीएमआरटीच्या परिसरातून जाणार असल्याने दुर्बिणीच्या निरीक्षणांना बाधा पोहोचेल, अशी हरकत आली. वरची तार आणि गाडीचा पेंटोग्राफ यांच्यात उडणारी प्रत्येक ठिणगी ही हर्ट्झ यांच्या ठिणगीची नात. अखेर मार्ग बदलण्याचा निर्णय रेल्वे मंत्रालयाने जाहीर केला. १९०४ मध्ये चुंबक हलले होते. या वेळी रूळ हलले.

२४/ हा विज्ञानाचा विजय म्हणून टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे. पण उत्तर पुणे जिल्ह्यातील लोकांनी मूळ मार्गासाठी आवाज उठवला, तोही ऐकला पाहिजे. रेल्वे म्हणजे बाजारपेठ, रुग्णालय, महाविद्यालय. मावळ-मुळशीने मुंबईच्या उजेडासाठी पाणी दिले. जुन्नर-आंबेगावने जगाच्या विज्ञानासाठी शांतता द्यावी, असे म्हणताना त्या देण्याची नोंद कोठे तरी व्हायला हवी. शांतता ही निसर्गाने फुकट दिलेली वस्तू नाही. कोणीतरी काहीतरी न केल्यामुळे ती टिकते.

२५/ त्या शांततेतून काय मिळाले? २०२३च्या जूनमध्ये जगभरच्या गटांनी विश्वात भरून राहिलेल्या गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजनाचे पुरावे मांडले. स्पंदकांच्या अचूक ठोक्यांवर अनेक वर्षे कान ठेवून मिळालेल्या या पुराव्यांत भारतीय गटाने खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे घातली होती. अशा कामात ठोका चुकला तर तो विश्वामुळे चुकला की गावाबाहेरच्या सैल जोडणीमुळे, हे सांगता आलेच पाहिजे.

२६/ कुलाबा, अलिबाग, कल्याण, खोडद. दर वेळी संवेदनशील यंत्राने गोंगाटापासून एक पाऊल दूर टाकले. आता उर्से असो वा नारायणगाव, प्रत्येक घरात चार-सहा चार्जर आहेत, आणि पुढचे अलिबाग नकाशावर शिल्लक नाही. त्यामुळे ‘हलायचे कोणी’ हा प्रश्न जागेचा राहिला नसून बांधणीचा झाला आहे. जागा बदलता येत नसेल, तेव्हा यंत्र सुधारावे लागते. पूर्ण गाळणी असलेला चार्जर, जाग्यावर असलेली तिसरी पिन, घट्ट केलेली खांबावरची जोडणी, या तिन्हींचा खर्च वेधशाळा हलवण्याहून फार कमी आहे. मूस यांच्याकडे हा पर्याय नव्हता, आज तो उपलब्ध आहे.